आखलेल्या वाटेवर ड्रोन उडवताना: नागपूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

मी नागपुरात कॅमेरा ड्रोनची कामं करतो. हंगामात लग्नं, एरवी बागांचे नकाशे आणि बांधकामांचे दर महिन्याचे फोटो. ड्रोनला आधीच रस्ता आखून द्यायचा आणि त्याच्याकडून तो उडवून घ्यायचा, या विषयावर व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. प्रश्न आले तसेच ठेवले आहेत, भाषा थोडी नीट केली आहे एवढंच.

१. ऑटो रूट म्हणजे नेमकं काय? ड्रोन आपोआप उडतो तर मग मी काय करायचं?

नकाशावर तुम्ही काही बिंदू ठेवता. त्यांना वेपॉइंट म्हणतात. प्रत्येक बिंदूवर उंची किती, वेग किती, तोंड कुठे, कॅमेरा किती खाली झुकलेला, तिथे थांबायचं की वळण घेऊन पुढे जायचं, हे सगळं भरता. ड्रोन उपग्रहाकडून आपली जागा समजून घेतो आणि एकेक बिंदू गाठत जातो. एखाद्या देवळाभोवती गोल फिरणं, शेतावर नांगरटीसारख्या आडव्या रेघा मारत फोटो काढणं, हे याचेच प्रकार.

तुमचं काम संपत नाही, फक्त आधी होतं. हाताने उडवताना चूक तिथल्या तिथे दुरुस्त करता येते. इथे सकाळी चहा पिताना फोनवर केलेली चूक दुपारी शेतात उडते. उड्डाण चालू असताना अंगठे रिमोटच्या स्टिकवर, नजर ड्रोनवर आणि थांबवायचं बटण कुठलं ते पाठ, एवढं हवंच.

२. मग हाताने उडवणं जास्त सुरक्षित नाही का?

कामावर अवलंबून आहे. एकच बांधकाम दर महिन्याला त्याच कोनातून टिपायचं असेल तर आखलेला रूट उत्तम, कारण हाताने तोच कोन दुसऱ्यांदा सापडत नाही. मोकळ्या शेतावरही तेच. पण झाडं, तारा, माणसं, गाड्या असलेल्या जागी मी रूट लावत नाही. रूट आखला तेव्हा तिथे क्रेन नव्हती आणि आज आहे, हे ड्रोनला सांगणारं कोणी नसतं.

नवीन माणसाला मी आधी दहा-पंधरा तास हाताने उडवायला सांगतो. ज्याला ड्रोनचं तोंड स्वतःकडे असताना डावं-उजवं सुचत नाही, त्याने बिघडलेला रूट हातात घेऊन काय उपयोग?

३. भाऊ, माझा ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे. मला कुठलेच नियम नाहीत ना?

आहेत. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो आणि २ ते २५ किलो स्मॉल. नॅनोला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, टाइप सर्टिफिकेट (म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मान्यता) लागत नाही, विम्याचीही सक्ती नाही. पण कुठे उडवायचं याचे झोन त्यालाही लागू आहेत. विमानाच्या इंजिनला २४९ ग्रॅम आणि ९०० ग्रॅम यांत फार फरक वाटत नाही.

एक मेख आहे. वजन मोजायचं ते उडताना जे काही अंगावर असेल त्या सगळ्यासकट. प्रॉप गार्ड (पंख्यांभोवतीची कुंपणं) लावले, फिल्टर लावला, जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी टाकली, की काटा २५० च्या पुढे जातो आणि तुमचा ड्रोन मायक्रो होतो. मी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहिलं आहे. गार्डसकट सरळ पुढे गेला.

४. नागपुरात उडवायचं कुठे?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. उत्तर फारसं आवडणार नाही.

डिजिटल स्काय या सरकारी व्यासपीठावर देशाचा हवाई नकाशा आहे. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे झोन दाखवलेत. हिरव्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, आगाऊ परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांपर्यंतच, म्हणजे ६० मीटर. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही.

आता आपला विमानतळ सोनेगावला, जवळजवळ शहरातच. कंपास घेऊन हद्दीपासून १२ किलोमीटरचं वर्तुळ काढा, शहराचा बहुतेक भाग आत येतो. मनीषनगर, धरमपेठ, सीताबर्डी तर ८ किलोमीटरच्याही आत. त्यात सोनेगावचं हवाई दलाचं ठाणं, वायुसेनानगर, सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात, तिकडे कामठीची छावणी, अंबाझरीचा आयुध कारखाना. म्हणजे 'घराच्या गच्चीवरून उडवतो' हा बेत बहुतेकांनी सोडूनच द्यावा.

शिकायला आणि रूट तपासायला मी लोकांना शहराबाहेर काटोल, कळमेश्वर किंवा उमरेडच्या दिशेने ओळखीच्या माणसाचं मोकळं शेत बघायला सांगतो. तिथेही निघण्यापूर्वी नकाशा उघडायचाच, कारण झोन बदलतात. हिवाळी अधिवेशन, मोठे नेते किंवा दीक्षाभूमीवरची गर्दी असली की पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेशही निघतात. ते वर्तमानपत्रात येतात, ड्रोनच्या ॲपमध्ये येत नाहीत.

५. फुटाळा तलावावर तर रोज कोणी ना कोणी उडवताना दिसतं!

सिग्नल तोडणारेही रोज दिसतात. फुटाळ्याला लागूनच वायुसेनानगर आहे. याच्यापुढे मी काही लिहीत नाही, प्रश्न ४ वाचा.

६. शूटिंगचे पैसे घेतो. कागदपत्रं काय लागतील?

मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पैसे घेतले की लागतं. वय १८ ते ६५, किमान दहावी पास, आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. ड्रोनचा नोंदणी क्रमांक म्हणजे यूआयएन वेगळा, आणि नॅनोच्या वरच्या ड्रोनला त्रयस्थ पक्षाचा विमाही हवा. नियम मोडल्यास दंड १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

'दुबईवरून मामा आणतो आहे' असं सांगणारे खूप भेटतात. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. सुटे भाग आणायला हरकत नाही. मामांना चॉकलेट आणायला सांगा.

७. रूटमध्ये उंची ४० मीटर टाकली. ती कुठून मोजतात?

ड्रोन जिथून उडाला तिथून. समुद्रसपाटीपासून नाही, आणि त्या क्षणी ड्रोनच्या खाली जी जमीन आहे तिथूनही नाही. मी पाहिलेले निम्मे अपघात या एका वाक्यात आहेत, माझा स्वतःचाही.

काटोल तालुक्यातली एक बाग होती. गाडी विहिरीपाशी लावली, तिथूनच उडवलं, उंची ३० मीटर. कागदावर सगळं ठीक होतं, पण बाग उताराची होती आणि वरचा बांध विहिरीपेक्षा सोळा-सतरा मीटर उंच. त्या बांधावर एक जुना चिंचेचा वृक्ष. तिसऱ्या रेघेला ड्रोन चिंचेकडे निघाला तेव्हा स्क्रीनवर ३० आकडा अगदी स्थिर दिसत होता आणि समोर फांद्या मोठ्या होत होत्या. बागमालक काका शांतपणे म्हणाले, "तो झाडात चालला ना बावा." मी थांबवलं, पण फांदीच्या टोकाने एक पंखा नेलाच. फांदीत अडकून राहिला म्हणून वाचला, नाहीतर खाली दगडी बांध होता.

तेव्हापासून तीन गोष्टी ठरल्या आहेत. उडवण्याची जागा शक्यतो त्या परिसरातली सगळ्यात उंच निवडायची. तसं जमलं नाही तर वरच्या टोकाची उंची नकाशावर बघून तेवढी रूटमध्ये वाढवायची. आणि महिन्यापूर्वी साठवलेला रूट पुन्हा लावताना त्याच दगडापासून उडवायचं, कारण जागा बदलली की सगळ्या रूटची उंची बदलते. काही ॲपमध्ये जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलण्याची सोय असते, पण तिच्याकडे असलेला नकाशा जमिनीचा असतो. त्यात चिंच नसते.

कायद्यातली ६० किंवा १२० मीटरची मर्यादा मात्र खालच्या जमिनीपासूनच मोजतात. टेकडीवरून उडवून ड्रोन दरीवर नेला, की स्क्रीनवर ११० दिसतात आणि प्रत्यक्षात तुम्ही १५० वर असता.

८. घरी नकाशावर रूट नीट आखला, जागेवर गेल्यावर दहा पावलं सरकलेला दिसतो. ड्रोन खराब आहे का?

नाही. ॲपमधलं उपग्रहाचं चित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं, आणि ड्रोनची साधी जीपीएसही दोन-तीन मीटर इकडे तिकडे होते. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या तर अंतर बरंच वाढतं. म्हणून कुठल्याही वस्तूपासून किमान १५ मीटर मोकळे ठेवा. अचूक हवा असलेला बिंदू घरी ठेवूच नका, जागेवर ड्रोन हाताने तिथे नेऊन तिथेच नोंदवा. त्यात कॅमेऱ्याचा कोनही खरा दिसतो.

९. घरी परत बोलावायची उंची (आरटीएच) किती ठेवू? जास्तीत जास्त ठेवली तर बरं ना?

आसपासच्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा १५ ते २० मीटर जास्त, आणि तुमच्या झोनच्या मर्यादेच्या आत. ६० मीटरच्या पट्ट्यात उभे असाल आणि आरटीएच १०० वर असेल, तर बॅटरी कमी झाली की ड्रोन तुम्हाला न विचारता नियम मोडेल. शिवाय वर चढायला बॅटरी लागते आणि वरती वारा जास्त असतो.

आरटीएचचा स्वभाव असा, की बहुतेक ड्रोन आधी सरळ वर जातात आणि मग घराकडे वळतात. मोकळ्या शेतात हे छान. पण झाडाखाली, मंडपात, किंवा वर्धा रोडवरच्या दुमजली पुलाच्या पोटाखाली ड्रोन असेल आणि तेव्हा हे बटण दाबलं, तर तो सरळ स्लॅबला धडकतो. तिथे फक्त थांबवायचं आणि हाताने बाहेर काढायचं. घरापासून अगदी जवळ, साधारण वीसेक मीटरच्या आत असताना काही मॉडेल वर न चढता आहे त्या उंचीवरूनच येतात किंवा तिथेच उतरतात. आपलं मॉडेल काय करतं ते पुस्तिकेत वाचा, मग मोकळ्या जागी करून बघा.

होम पॉइंट, म्हणजे परत यायची जागा, नोंदवला गेला का, हे उडाल्यावर लगेच स्क्रीनवर बघा. एकदा उपग्रह पुरेसे पकडायच्या आधीच उडवलं आणि ड्रोनने घर म्हणून पाचेकशे फूट पलीकडची, मधे वाटेत पकडलेली जागा धरली. परत आला तो शेजारच्या शेतातल्या कपाशीत. कपाशीत पांढरा ड्रोन शोधायला पाऊण तास लागला.

१०. रूट चालू असताना सिग्नल गेला तर?

याची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि तुमच्या ड्रोनला कुठलं लागू ते उडवण्यापूर्वी माहीत हवं.

काही ड्रोनमध्ये पूर्ण रूट ड्रोनच्या डोक्यात भरला जातो. सिग्नल गेला तरी तो आपलं काम पूर्ण करतो किंवा परत येतो, जशी सेटिंग असेल तसं. काही लहान ड्रोनवर बाहेरचं ॲप वापरलं, तर रूट फोनमध्येच राहतो आणि फोन क्षणाक्षणाला आभासी स्टिक हलवून ड्रोन चालवतो. इथे सिग्नल तुटला की रूटही तुटतो आणि ड्रोन फेलसेफला जातो, म्हणजे अशा वेळी काय करायचं म्हणून आधी ठरवून ठेवलेलं ते करतो. तिसरा प्रकार तुम्ही फेलसेफमध्ये 'जागीच थांब' असं ठेवलेलं असण्याचा. मग तो बॅटरी संपेपर्यंत तिथेच घोंघावत राहतो आणि शेवटी जिथे असेल तिथे उतरतो, खाली खिंडसी तलावाचं पाणी असो की कोणाची गोठ्याची पत्र्याची शेड.

फोनमधून चालणाऱ्या प्रकारात अजून एक गंमत. ऐन रूटमध्ये सासऱ्यांचा फोन आला की ॲप मागे पडतं. उडवायच्या फोनला फ्लाइट मोड लावायचा, नकाशा आधीच उतरवून घ्यायचा.

११. अडथळे ओळखणारे सेन्सर आहेत, तारांची भीती कशाला?

सेन्सरला तार दिसत नाही. बारीक तार, पानं झडलेली फांदी, काच आणि पाणी या चार गोष्टींत कॅमेऱ्यावर चालणारे सेन्सर हमखास फसतात. अंधार पडला की तर विचारूच नका. बऱ्याच मॉडेलना बाजूंना किंवा मागे सेन्सरच नसतात, आणि स्पोर्ट मोडमध्ये ते बंद होतात. गोल फिरणाऱ्या रूटमध्ये ड्रोन आडवा सरकतो, म्हणजे नेमका त्या आंधळ्या बाजूने.

कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांमुळे आपल्याकडे उच्चदाबाच्या लाइनी सगळीकडे पसरल्या आहेत. मनोरे लांबून दिसतात, दोन मनोऱ्यांमधली तार दिसत नाही, आणि ती मध्यभागी झोल खाऊन खाली आलेली असते. मी तार शोधत नाही, मनोरा शोधतो. दोन मनोरे दिसले की मधली सगळी हवा बंद समजायची आणि रूट तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. लाइन ओलांडायचीच असेल तर ते हाताने, मनोऱ्याच्या डोक्यावरून, कारण मनोरा दिसतो.

शेतातल्या मोटारीच्या तिरप्या खांबांवरच्या तारा याहून वाईट. त्यांच्यासाठी उडवण्यापूर्वी बांधाने चालत जाणं हाच उपाय.

१२. मे महिन्यात उडवू का?

उडवा, पण सकाळी नऊच्या आत. बहुतेक कॅमेरा ड्रोनच्या पुस्तिकेत वापराचं कमाल तापमान ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ पर्यंत जातो, तोही सावलीतला. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या बॅटरीचं काय होत असेल याचा हिशेब नको. तापलेली बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी ड्रोनच्या खाचेत नीट बसत नाही, आणि नीट न बसलेली हवेत निघते.

मी बॅटऱ्या भाजी आणायच्या थर्मलच्या पिशवीत नेतो. बर्फ अजिबात नाही, पाणी सुटतं. उतरल्यावर बॅटरी हाताला कोमट लागेपर्यंत चार्जिंगला लावत नाही. उष्ण हवा विरळ असल्याने पंखे जास्त फिरतात, म्हणून हिवाळ्यात २५ मिनिटं देणारी बॅटरी मेमध्ये तेवढी देईल असं धरू नका. आणि ड्रोनच्या आधी फोन तापतो. स्क्रीन मंद होते, मग काळी. म्हणून छत्री. लोक हसतात, हसू द्या.

१३. वारा किती असला तर थांबायचं?

लहान ड्रोन सेकंदाला १० मीटरच्या आसपासच्या वाऱ्यापर्यंत टिकतात असं कंपन्या सांगतात. टिकणं वेगळं, परत येणं वेगळं. समजा ड्रोनचा कमाल वेग सेकंदाला १५ मीटर आणि समोरून वारा १० चा. हातात राहिले ५. आठशे मीटरवरून परत यायला एरवी ५३ सेकंद लागले असते, आता १६० लागतील, तेही पूर्ण जोर लावून. म्हणून रूट आखताना जाण्याची दिशा वाऱ्याच्या विरुद्ध आणि परतीची वाऱ्यासोबत ठेवतो, आणि बॅटरी ३० टक्क्यांवर आली की घरी.

मान्सूनच्या आधी दुपारी चारनंतर वावटळ आणि धुळीचं वादळ पाच मिनिटांत येतं. पश्चिमेला आभाळ मातकट दिसलं की उतरवा, फोटो उद्या निघतील.

१४. ५ एकर संत्र्याचा नकाशा करायचा आहे. उंची, वेग, ओव्हरलॅप किती?

एका इंचाच्या सेन्सरचा २० मेगापिक्सेलचा कॅमेरा धरून हिशेब सांगतो. ६० मीटर उंचीवरून एका फोटोत साधारण ९० बाय ६० मीटर जमीन येते आणि एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे १.६ सेंटिमीटर. झाड मोजायला, मेलेलं झाड ओळखायला हे पुरेसं आहे. १२० मीटरवर गेलात तर पिक्सेल दुप्पट मोठा होतो.

ओव्हरलॅप म्हणजे एका फोटोतली किती जमीन शेजारच्या फोटोतही येते ते. पुढचा ओव्हरलॅप ८० टक्के ठेवला तर दर १२ मीटरला एक फोटो. बाजूचा ७० टक्के ठेवला तर दोन रेघांत २७ मीटर अंतर. वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे अडीच सेकंदांना एक फोटो, कुठलंही कार्ड हे झेपवतं. शटर १/५०० ठेवलं तर फोटो निघेपर्यंत ड्रोन फक्त एक सेंटिमीटर सरकतो, पिक्सेलपेक्षा कमी, त्यामुळे चित्र पुसट होत नाही. चौकोनी ५ एकराला साधारण सात रेघा पडतात आणि चार-पाच मिनिटांत काम होतं.

संत्र्याची झाडं वरून सारखीच दिसतात, त्यामुळे सॉफ्टवेअर गोंधळतं. ओव्हरलॅप कमी करून बॅटरी वाचवायला जाऊ नका. बाराच्या सुमारास उडवलं तर सावल्या कमी पडतात, पण ते हिवाळ्यात. उन्हाळ्याचं उत्तर प्रश्न १२ मध्ये आहे. चढउताराच्या बागेसाठी प्रश्न ७.

१५. संक्रांतीला वरून पतंगोत्सव टिपायचा आहे. रूट लावू का?

नका. रूटही नका आणि हातानेही नका. त्या दिवशी जुन्या वस्तीवरच्या हवेत 'ओ काट', 'ओ पार' चालू असताना किती मांजा ताणलेला असतो ते खालून दिसत नाही. बंदी असूनही नायलॉन मांजा सापडतोच. तो पंख्याच्या दांड्याला गुंडाळला की मोटर जागेवर थांबते, चार पंख्यांचा ड्रोन तिघांवर तरत नाही, आणि खाली गच्च्या माणसांनी भरलेल्या असतात.

लोक विसरतात ते पुढचं. कटलेला मांजा फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाडांवर आणि खांबांवर लोंबत राहतो. या दिवसांत शहरालगत झाडापासूनचं १५ मीटरचं अंतर मी दुप्पट करतो. आणि उतरल्यावर प्रत्येक पंखा बोटाने फिरवून बघतो. एकदा मोटरच्या फिरत्या झाकणाखाली वीतभर गुलाबी दोरा निघाला होता. ड्रोन उडतच होता, फक्त त्या बाजूने किंचित कुईकुई आवाज येत होता आणि मी तो आवाज आठवडाभर ऐकून न ऐकल्यासारखा केला होता.

१६. घारी मागे लागतात. काय करू?

हिवाळ्यात त्यांची वीण असते, तेव्हा घरट्याजवळ काहीही आलं की हल्ला. भांडेवाडीच्या कचरा डेपोकडे तर त्या बाराही महिने घिरट्या घालतात. घार वरून झेप घेते, म्हणून रूट थांबवून आधी सरळ वर चढा, झोनच्या मर्यादेत, मग हळूच बाजूला होऊन उतरवा. खाली पळालात तर तिच्या आवडीच्या खेळात सामील झालात. दोन घारी एकदम दिसल्या तर त्या दिवशी तिथलं काम बंद, घरटं तिचं आहे.

१७. लग्नात लॉनभोवती गोल रूट लावून दिला, तर मला दुसरा कॅमेरा धरता येईल. चालेल?

नाही. ड्रोन हवेत असताना त्याचा माणूस फक्त त्याचाच. दुसरा कॅमेरा हवा तर दुसरा माणूस न्या आणि तसे पैसे सांगा.

लग्नात रूट लावायचाच तर वऱ्हाड यायच्या आधी, रिकाम्या सजवलेल्या लॉनचा. वरात, फटाके, कागदी फुलांची तोफ, दिव्यांच्या माळा टांगलेल्या तारा आणि डीजेच्या गाडीवरचं लोखंड, यातलं काहीच नकाशात नसतं. लोखंडाजवळ होकायंत्र बिघडतं, म्हणून गाडीच्या बॉनेटवरून किंवा मोठ्या ड्रेनेजच्या झाकणावरून उडवायचं नाही.

मारबत आणि तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीचंही कोणीतरी दरवर्षी विचारतं. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत, डोक्याला डोकं लागलेलं असताना? गर्दीवर नाही. एखाद्या ओळखीच्या गच्चीवर तिसऱ्या मजल्यावर उभं राहून साध्या कॅमेऱ्याने टिपा, रंग जास्त चांगले येतात.

१८. पेंचला जातो आहे, ड्रोन सोबत घेऊ?

व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, सगळीकडे हेच. रिसॉर्टवाला 'चालतं' म्हणाला तरी नाही.

१९. शेजारी म्हणतात, आमच्या गच्चीवर कॅमेरा फिरवतोस. माझा रूट तर पुढच्या मैदानाचा होता.

त्यांचं बरोबर असू शकतं. दोन बिंदूंच्या मधे कॅमेरा कुठे बघतो ते कोणी तपासत नाही. वळणावर ड्रोन हळू होतो, आणि ते वळण नेमकं कोणाच्या गच्चीवर असेल तर खालच्याला तो आपल्याकडेच टक लावून बघतोय असं वाटणार. उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपतात, बायका कुरड्या-पापड वाळत घालतात. वळणं मोकळ्या जागेवर ठेवा, दोन बिंदूंमधे कॅमेरा खाली झुकवून ठेवा, आणि उडवण्यापूर्वी काकूंना सांगून या. स्क्रीन दाखवली की नऊ वेळा काकू म्हणतात, "आमच्या घराचा पण एक काढ ना."

तरीही कोणी नको म्हणालं तर नको. परवानगी नसताना कोणाचं खासगी चित्रण करणं हा गुन्हा होऊ शकतो, तिथे 'रूट आपोआप होता' हे उत्तर चालत नाही.

२०. हेलिकॉप्टरचा आवाज आला तर?

दिसायची वाट न बघता थांबवा आणि खाली आणा. माणसं असलेल्या विमानाला नेहमी आधी वाट.

२१. ड्रोन पडला आणि सापडत नाही. पहिलं काय करू?

आधी रिमोट बंद करू नका. शेवटची जागा स्क्रीनवर असते, तिचा फोटो दुसऱ्या फोनने काढा. पडताना कोणाला लागलं का, कोणाचं काही फुटलं का, ते बघायला लगेच माणूस पाठवा. अपघात असेल तर ४८ तासांच्या आत डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) ऑनलाइन कळवावं लागतं.

मग शोध. ॲपमध्ये 'ड्रोन शोधा' म्हणून सोय असते, त्याने दिवा आणि आवाज सुरू होतो, बॅटरी शिल्लक असेल तर. जागा ठाऊक असूनही तुरीच्या शेतात ड्रोन दहा फुटांवरून दिसत नाही, म्हणून शेवटच्या बिंदूपासून वाऱ्याच्या दिशेने रेघा मारत चाला, प्रश्न १४ मध्ये ड्रोनला मारायला लावल्या तशाच. शेतमालकाला आधी विचारा. पिकात न सांगता शिरलेला माणूस आणि डुक्कर त्यांच्या लेखी सारखेच.

सापडला की बॅटरी पहिल्यांदा काढा. ती चेमटली, फुगली किंवा गरम असेल तर घरात आणू नका, गाडीतही ठेवू नका. वाळूच्या बादलीत, उघड्यावर, रात्रभर. माझ्याकडे त्यासाठी एक जुनं घमेलं आहे, आईने त्यात आता कोथिंबीर लावली आहे, त्यामुळे मी दुसरं घेतलं.